पयलो पैसो सुयेक

परबकाका दर शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सूड घ्यायला जात. बोरिवलीहून अंधेरीला, मंदारच्या दुकानात. मंदार गाण्यांच्या तबकड्या आणि त्या वाजवायची नवी यंत्रं विकतो. काका तिथे स्टुलावर बसत आणि गिऱ्हाईक आलं की खिशातून भिंग काढून मऊ आवाजात म्हणत, "घ्या हो, पण आधी सुई बघून घ्या." गिऱ्हाईक बघे, कपाळाला आठ्या घाली आणि "जरा विचार करून येतो" म्हणत सटके. मंदार त्यांना हाकलणार तरी कसा? काका दर वेळी तबकडी पुसायचं एक फडकं विकत घेत. त्यांच्या कपाटात अशा फडक्यांची चळत साठली होती.

आम्ही शेजारी. मला पहिलं यंत्र घ्यायचं होतं, तेव्हा मी सागवानी पेटी आणि भलेमोठे स्पीकर पसंत करून आले होते. काकांनी माझ्या हातातली यादी हिसकावून घेतली. "तबकडेक शिवता कोण? सुई. मगे पयलो पैसो सुयेक." दुसरा पैसा सुई धरणाऱ्या दांडीला, तिसरा तबकडी एका लयीत फिरवणाऱ्या मोटरला. स्पीकर सध्या कुणाचे तरी जुने आणायचे, ते पुढे बदलता येतात. सुईने खाल्लेली तबकडी परत येत नाही.

"आणि पेटी?" मी विचारलं.

"पेटी काय गाता?"

हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. काकांच्या पत्नी, मालतीकाकू, तरुणपणी सुरेख गायच्या. एका छोट्या कंपनीने त्यांची दोन भजनं छापली होती. काकू गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून घरात एवढी एकच तबकडी राहिली. घरचं यंत्र बंद पडलं, तेव्हा काका ती तबकडी घेऊनच नवं यंत्र पारखायला गेले. मंदारने ती सगळ्यात चकचकीत यंत्रावर लावली. त्याची सुई टोकाला फुटलेली, सारखी उडायची. नवी सुई बसवायची सोडून पठ्ठ्याने दांडीच्या डोक्यावर रुपयाचं नाणं चिकटवलं होतं. काका ओरडेपर्यंत त्या वजनाखाली सुईने काकूंचं दुसरं कडवं खरवडून काढलं. पुढे तिथे नुसती खरखर.

"जुना माल आहे ना काका, होतं असं," मंदार म्हणाला. त्या 'माल' शब्दाला काकांनी माफी दिली नाही. मीही दिली नाही, खरं सांगते. काका दुकानात बसलेले बघायला मी मुद्दाम दोनदा गेले आणि दोन्ही वेळा खूश होऊन परतले.

तीन वर्षांनी मंदार आमच्या इमारतीत आला. कुठूनशी त्याच तबकडीची दुसरी प्रत शोधून आणली होती. काकांनी आपली सुई तपासली, तबकडी लावली. दुसरं कडवं आलं, अख्खं. काका भिंतीकडे तोंड करून रडले. मलाही आवरेना.

"काका, चूक माझीच होती," मंदार म्हणाला. "आता तरी मिटवा ना यार."

काकांनी त्याला चहा दिला. हात जोडले. "तुझे उपकार झाले. पण तीन वर्सां मी ह्या कडव्याबिगर काढलंय. ती खयसून हाडतलस?" ती तीन वर्षं मंदार कुठून आणून देणार होता!

आणि पुढच्या शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

यंदा काका गेले. तेराव्याला मंदार आला, फोटोला हार घातला, बराच वेळ बसून राहिला. निघताना दारात मला हळूच म्हणाला, "ताई, शेवटी शेवटी तरी माफ केलं असेल ना मला?"

त्याचा चेहरा उतरला होता. एक खोटा शब्द बोलले असते तर बिचारा सुटला असता.

"नाही," मी म्हणाले, आणि दार लावून घेतलं.