सात पगार, चौदा नोटा

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीनंतर शाळेसोबतच सुटले, त्याबद्दल माफी असावी. घरात शिक्षक असून मी हे त्यांच्याकडून तपासून घेणार नाही, कारण गोष्ट त्यांच्याच पगाराची आहे.

आमचे हे धरणगावजवळच्या एका खेड्यात हायस्कूलवर होते. शाळेला अनुदान नव्हते. सरकारने शिक्षकाचा कमीत कमी पगार ठरवून दिला होता, म्हणून हे दर महिन्याला चौदाशेवर सही करत आणि तीनशे घरी आणत. तपासणीच्या साहेबांसमोर पूर्ण पगार वाटून दाखवला तरच अनुदान मिळणार होते, आणि अनुदान मिळाले तरच खरा पगार सुरू होणार होता.

तपासणीला जळगावहून साहेब येणार म्हणून शाळेचे चेअरमन आबांनी कापूस विकला. त्यातून एकच पगार निघाला. शिक्षक सात. शाळेला शिपाई नव्हता, त्यामुळे चहापाण्याला मला बोलावले.

आबा म्हणाले, "वहिनी, घाबरायचं काय शे? पगार घेतला की सर मागच्या दारानं तुमच्याकडे येतील. नोटा ट्रेमधल्या रुमालाखाली. ट्रे क्लार्क भाऊंच्या टेबलावर. बस."

पहिल्या सरांनी सही केली, शंभराच्या चौदा नोटा घेतल्या आणि मागे आणून दिल्या. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून साहेबांना पाणी नेले. भाऊंनी रुमालाखालून नोटा काढून दुसऱ्या सरांना मोजून दिल्या. मग मी चहा नेला. मग पाणी. नुसता ट्रे कसा न्यायचा? चौथ्या खेपेला उंबऱ्याला ठेच लागली आणि चहा रुमालावर सांडला.

सहाव्या ग्लासाला साहेब म्हणाले, "वहिनी, मी काय म्हैस आहे का?"

मी पदर आणखी पुढे ओढला आणि ट्रे भाऊंच्या टेबलावर ठेवला.

सातवे आमचे हे. भाऊंनी नोटा दिल्या, वरच्या नोटेवर चहाचा डाग. साहेबांनी ती हातात घेतली, वास घेतला आणि यांना परत दिली. मग उठून म्हणाले, "सर, या नोटा फिरून फिरून दमल्या असतील. चला, त्यांना बाजार दाखवू. वहिनींनाही घ्या."

आबा ओट्यावर उभे होते. तोंड उघडले असते तर अनुदान गेले असते. आम्हाला घेऊन साहेबांची जीप निघाली.

धरणगावला दुकानदाराने यांना पाहताच उधारीची वही काढली. "वही ठेवा," साहेब म्हणाले, "आज सरांचा पगार झालाय." मोरपंखी साडी साहेबांनीच निवडली. साडेतीनशे. यांच्या महिन्याच्या खऱ्या पगाराहून जास्त! मी मान हलवून नाही म्हणत होते, पण पदरामुळे कोणाला दिसले नसावे. वर साहेबांनी तिथेच ब्लाउजपीस कापायला लावला. साडी परत करायचा रस्ताच बंद. साहेब जळगावला गेले. आबांची आणखी एक नोट मोडायला नको म्हणून आम्ही गावापर्यंत चालत आलो.

आबा पारावरच बसले होते. त्यांनी मोजले. "साडेदहाशे. बाकीचे?"

हे म्हणाले, "साहेबांनी..."

"साहेब नेसणार शे का साडी? माले बठ्ठा पैसा परत पाहिजे, पूर्ण साडेतीनशे."

ठरले असे, की तीनशेतून दर महिन्याला पन्नास कापायचे आणि पैसे फिटेपर्यंत साडी शाळेत ठेवायची. भाऊंनी ती नकाशे आणि खडूंच्या कपाटात ठेवली आणि सामानाच्या रजिस्टरात लिहिले: साडी, मोरपंखी, एक. पंधरा ऑगस्टला मी झेंड्याला गेले तेव्हा भाऊ हळूच म्हणाले, "वहिनी, दिवसभरासाठी देऊ का? सही करावी लागेल." मी जुनीच नेसून उभी राहिले.

चार महिने पन्नास-पन्नास गेले. घरात गोडेतेल संपले की हे म्हणायचे, "साडी बघून ये." पाचव्या महिन्यात अनुदानाचा कागद आला. साहेबांनी अहवालात लिहिले होते म्हणे, की पगार समक्ष वाटला आणि नोटा खऱ्या आहेत.

पहिला खरा पगार आला तेव्हा हे चौदा नोटा घेऊन घरी न येता आधी आबांकडे गेले. मीही मागे गेले. राहिलेले दीडशे आबांनी दोनदा मोजले आणि भाऊंना हाक मारली. भाऊंनी शाळेतून साडी आणि रजिस्टर आणले, साडी माझ्या हातात दिली, रजिस्टरातल्या साडीवर लाल रेघ ओढली, माझी सही घेतली आणि बाजूला लिहिले: पूर्ण पैसे जमा.