टेस्टरचा जोड

मशीनच्या केबिनपर्यंत चढायला तीन पायऱ्या होत्या आणि तिसरीवर टेस्टरचे गुडघे दर वेळी आपलं मत सांगायचे. खोदकामाचे जुने एक्सकॅव्हेटर विकणाऱ्या त्या यार्डात तो सत्तावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. कानामागे कायम टेस्टर खोचलेला, म्हणून नावही तेच पडलं. खरं नाव बायकोला आठवत असावं, पण तीही ‘अहो’वरच भागवायची. सकाळी डबा हातात देताना ती म्हणाली होती, “अहो, आता पुरे करा. चढताना वाकता, उतरताना वाकता. सरळ कधी असता?” तो डबा घेऊन वेळेआधीच घराबाहेर पडला होता.

चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं आणि विकायचं मशीन एकच रड लावून बसलं होतं. बूमच्या, म्हणजे पुढच्या लांब हाताच्या, प्रेशर सेन्सरला व्होल्टेज कमी. बूम वर उचलून डावीकडे फिरवला की स्क्रीनवर बिघाडाचा कोड यायचा आणि मशीन हिसका देऊन मंदावायचं. जागेवर उभं केलं की पुन्हा साळसूद. आधीच्या मेकॅनिकांनी कोड वाचून दोनदा सेन्सर बदलला होता. टेस्टरला त्यांची कीव आली. बाळ रडतंय एवढंच कोड सांगतो, कुठं दुखतंय ते आपण शोधायचं असतं, हे तो सांगून सांगून थकला होता.

त्याने लॅपटॉप जोडला. स्क्रीनवरचा कोड पुसला तरी मशीनच्या पोटात त्याची नोंद राहते, आणि मशीन किती तास चालल्यावर तो पहिल्यांदा आला तेही. पूर्वी हे वाचायची सोय यार्डात नव्हती. पहिली नोंद ४१०६ तासांची होती. आता मीटर अकरा हजारांच्या पुढे होता. म्हणजे दुखणं फार जुनं.

सीटमागचा पत्रा काढून तो आडवा झाला आणि स्क्रीनकडे बघत वायरींचा जुडगा वीत-वीत हलवू लागला. कंबर म्हणाली पुरे, तो म्हणाला एवढं एकच. कोपऱ्यात अर्थिंगच्या वायरीला हात लागला आणि व्होल्टेजचा आकडा धाडकन खाली आला. सोडली की वर, धरली की खाली. कुणा आळशाने वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली होती. त्याला शिव्या घालायला तोंड उघडत टेस्टरने टॉर्च जवळ नेला. टेपवर नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी गाठ होती, आणि गाठीखालच्या पांढऱ्या पट्टीवर मार्करने लिहिलं होतं, ४०८४.

जोडावर मशीनचे तास लिहायची सवय साऱ्या यार्डात एकालाच होती.

शिवी तोंडातच राहिली. आठ वर्षांपूर्वी, यार्ड मशीनं भाड्याने द्यायचं तेव्हा, उंदराने एक वायर कुरतडली होती. साइटवर घाई चालली होती. संध्याकाळपर्यंत निभेल असा जोड टेस्टरनेच मारला, पुढच्या सर्व्हिसिंगला नीट करू म्हणाला, आणि विसरला. मशीन नंतर विकलं गेलं, हातोहात फिरलं, आणि रंग बदलून परत आलं, म्हणून त्याला ते ओळखू आलं नव्हतं.

पण विकलं जाण्याआधी एक गोष्ट घडली होती. याच मशीनने बूम फिरवताना हिसका दिला आणि बकेट शेजारच्या ट्रकच्या केबिनमध्ये घुसली. केबिन रिकामी होती, एवढंच नशीब. ऑपरेटर परोपरीने सांगत होता, मी लिव्हर ओढलाच नाही. तपासायला टेस्टर गेला. कोड पुसला, मशीन सपाट जागेवर उभं करून सेन्सर मोजले, आणि कागदावर लिहिलं, ‘विजेचा दोष नाही. ऑपरेटरचा हात जड.’ काखेत कळसा होता, पण स्वतःच्या जोडावर संशय कोण घेतो? टेस्टरने लिहिलं म्हणजे संपलं. ऑपरेटरला पुढे कुणीही मशीनवर बसवेना, तेव्हा तो याच यार्डाच्या फाटकावर वॉचमन म्हणून राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि चोर रोज सकाळी त्या संन्याशाला मान हलवून आत येत होता.

जोड कापून वायर नीट बसवायला दहा मिनिटं लागली. बूम दहादा डावीकडे फिरवला, आकडा ढिम्म.

“काय होतं?” मालकाने खालून विचारलं.

“अर्थिंगचा जोड.”

“कुणी मारला होता?”

कुणाला कळणार होतं? “मी,” टेस्टर म्हणाला.

मालक हसला. “मग कागदावर नका घेऊ,” म्हणाला आणि फोन घ्यायला निघून गेला.

मालकाला सांगणं सोपं होतं. खरं सांगायचं ते फाटकावर. कापलेला तुकडा खिशात घालून टेस्टर यार्ड ओलांडू लागला, आणि वाटेत दोनदा थांबला. दमला होता आणि घाबरलाही होता.

वॉचमन गाड्यांच्या नोंदवहीत मान घालून बसला होता. टेस्टरने तुकडा वहीवर ठेवला.

“त्या दिवशी चूक तुझी नव्हती. हा माझा जोड. यानेच हिसका दिला.”

वॉचमनने पट्टीवरचा आकडा वाचला. मग तुकडा उलटून गाठ पाहिली.

“मशीन आत आलं तेव्हाच ओळखलं मी,” तो म्हणाला. “पायरीवरचा पोचा तसाच आहे. फाटक उघडलं आणि तोंड फिरवलं.” मग म्हणाला, “आधी तुझा राग यायचा. मग जो तो तुझा कागद सांगायचा, तेव्हा मलाही पटलं. नातू झाला, तर त्याला अजून कडेवर घेतला नाही मी. बायकोला म्हणतो, तूच घे, माझा हात जड आहे.”

टेस्टरला मान वर करवेना. “चार वाजता मशीन चालवून दाखवायचंय. तू बस वर. मी सांगतो मालकाला.”

वॉचमनने दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले.

“आठ वर्षं झाली रे. आता खरंच जड झाला असेल.”

टेस्टरने वहीतलं कोरं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं, ‘दोष विजेचा होता. जोड माझा. ऑपरेटरची चूक नाही,’ आणि खाली सही केली. वॉचमनने ते दोनदा वाचलं आणि परत त्याच्याच हातात दिलं.

“हा कागद तू घेऊन ये घरी,” तो म्हणाला, “आणि बायकोसमोर वाच. तू म्हणालास म्हणजेच तिला पटेल.”