शंकर नगरातला पंगास

आमचे हे, म्हणजे गुलाबराव, सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटात तीस वर्षं भट्टीपुढं उभे राहिले. तिथं कशाले म्हणून भ्याले नाहीत. शंकर नगरात भाड्यानं आलो तवापासून मात्र वरच्या मजल्यावर चप्पल वाजली तरी यांचा आवाज बसते. वर घरमालकीण राहते. तिची एकच अट होती, घरात मांस-मच्छी शिजणार नाही. आम्ही मान खाली घालून हव म्हटलं. आधी राहत होतो त्या भनपुरीची, कारखान्यांची काजळी माझ्या छातीत बसली होती आन् डॉक्टरनं जागा बदला म्हणून सांगितलं होतं. इथली हवा लय साफ आहे. इतकी साफ, का तिले मच्छीचा वास सोसत नाही.

आठ महिने वरण-भात झाला. मग एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, का मच्छीचं कालवण खावंसं वाटून राहिलं. गॅस संपला म्हणून सांगितलं तर ज्यांच्या कानावर चाळीस वर्षांत कधी गेलं नाही, त्यांनी हे बरोब्बर ऐकलं.

रविवारी सकाळीच भनपुरीच्या बाजारातून अर्धा किलो पंगास घेऊन आले. सगळ्यात स्वस्त, आन् काटेही कमी. प्लास्टिकच्या तीन पन्न्यांत बांधलेला, वरून लालभाजीची जुडी. जिन्यात मालकीण भेटली, तर थैली पाठीमागं धरून तिले भाजीचा भाव सांगत उभे राहिले. चोरानं शिकवणी लावावी यांच्याकडं.

स्वयंपाक मीच करतो म्हणाले. मले पलंगावर बसवलं. सगळ्या खिडक्या लावल्या, दाराखाली ओला टॉवेल कोंबला आन् अगरबत्तीचा पुडाच फोडला. दोन बुद्धाच्या मूर्तीपुढं, चार ओट्यावर, बाकीच्या न्हाणीघरात. न्हाणीघरात कोणाची वंदना आहे, म्हणून विचारलं तर माझ्यावरच डोळे वटारले. मग मोहरी-लसणाचं वाटण तेलात परतलं, चिंचेचा कोळ घातला, हळद लावलेले तुकडे सोडले. खोटं काहून बोलू, तोंडाले पाणी सुटलं.

तेवढ्यात मले ठसका लागला. घरभर अगरबत्तीचा धूर कोंदला होता. खोकला थांबेना, छाती शिटीसारखी वाजाले लागली. माझा दम्याचा पंप टेबलावर होता, पण हात पोहोचेना. हे पळी घेऊन वळले. माझ्याकडं पाहिलं, धुराकडं पाहिलं आन् यांचं तोंड उतरलं.

सकाळपासून कड्या तपासणाऱ्या त्या माणसानं एकामागून एक सगळ्या खिडक्या उघडल्या. एक अडकली होती, तिले बुक्की मारून उघडली. मग पंप माझ्या तोंडाले लावला आन् पाठ चोळत बसले. हात हळदीचे होते, माझं पोलकं अजून पिवळं आहे.

वास कुठं जाणार, सरळ वर गेला. पाच मिनिटांत मालकीण नाकाले पदर लावून दारात उभी.

"भैया, क्या बन रहा है?"

याचं उत्तर यांनी सकाळपासून घोकलं होतं, कटहल की सब्जी, म्हणजे फणसाची भाजी. मी सोता ऐकलं होतं पुटपुटताना.

"मछली है, दीदी," हे म्हणाले. "और खिड़की बंद नहीं होगी."

महिना संपला का खोली खाली करा, म्हणून सांगून ती गेली. यांनी हव म्हटलं. या वेळी मान खाली नव्हती.

मग आम्ही जेवलो. घाईत मीठ टाकायचंच राहिलं होतं. चाळीस वर्षं माझ्या कालवणात खोड काढणारा माणूस मुकाट जेवून राहिला होता. मी दोनदा मागून घेतलं आन् मिठाचं नाव काढलं नाही.

ताटं उचलताना हे हळूच म्हणाले, "दुसरी खोली कोणत्या मोहल्ल्यात पाहू?"

"मोहल्ला कोणताबी पाहा," मी म्हटलं. "खिडक्या मोठ्या पाहा."