दाराशेजारची जागा

लोणावळ्याच्या स्टेशनावर बडे अब्बा माझ्याकडे पाठ करून उभे होते. अब्बांचे हे थोरले भाऊ. मी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात निघालेय, हे त्यांना काही केल्या पचत नव्हतं. "पोरीनं कुराण वाचावं, बस्स. लिहायला शिकली की चिठ्ठ्या लिहील!" जेठासमोर कधी तोंड न उघडणारी अम्मी त्या दिवशी बुरख्याआडून ठणकावून बोलली, "भाईजान, तुमच्या लेकींना मीच वाचायला शिकीवलं ना? मग माजी लेक शिकवाया चालली, तर कुटं बिघडलं?" गाडी हलली आणि मी ढसाढसा रडले.

अम्मी मोहल्ल्याची उस्तानी, मुलींना कुराण वाचायला शिकवणारी. दुपारी कामं उरकली की ओसरीवर चटई पडायची. अम्मी दाराशेजारी बसे, म्हणजे एक डोळा आमच्यावर नि एक चुलीवरच्या डाळीवर. तिच्या गुडघ्याला टेकून मी. एखादीचं कुराण पुरं झालं की तिला नवी ओढणी, आम्हां सगळ्यांना मलिदा. एवढं सगळं घडाघडा वाचणारी बाई, पण तिला स्वतःचं नाव लिहिता येत नसे! तिच्या माहेरी मुलींना वाचू देत, लिहू देत नसत.

आता जगात दुसरी मोठी लढाई सुरू आहे, आणि मी पुण्यात मुलींच्या उर्दू शाळेची हेडमिस्ट्रेस आहे. मी वर्गात शिरले की सगळ्या चिडीचूप. या बाईंचा जीव रोज दुपारी त्या चटईकडे ओढ घेतो, हे त्या पोरींना काय ठाऊक! घरची खुशाली भाऊ पत्रानं कळवतो. छान कळवतो, पण त्यात अम्मीचा आवाज नसतो हो.

परवा सुटीत घरी गेले. दुपारी मुली जमल्या, बडे अब्बांची नातसुद्धा पाटी घेऊन आली. मी अम्मीच्या गुडघ्याशी टेकणार, तोच ती उठली.

"तू हितं बस," दाराशेजारची आपली जागा दाखवत ती म्हणाली, आणि पाटी घेऊन माझ्या गुडघ्याशी बसली. "मला लिवाया शिकीव. तुला माज्या हातानं लिवायचंय."

मुली खुदखुदल्या. मी तिचा हात धरून अलिफ गिरवून घेतला. मला तर पाटीवरचं काही दिसेना.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचं मला माहीत नाही. माझं घर म्हणजे अम्मीच्या गुडघ्याजवळची ती वीतभर जागा. तिथं आता अम्मीच बसलीय, आणि डाळीकडे मला बघायचंय.