मनीषाचा नदीकाठचा क्लब

फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. नंबर परदेशातला, म्हणून मनीषाच असेल असं समजून व्हरांड्यात आले. पलीकडे एक अनोळखी बाई भरभर इंग्रजीत बोलत होती आणि मधेच थांबत होती. तिच्या बोलण्यातला एकच तुकडा मला नीट ऐकू आला, "मनीषा इज गॉन." आणि मी विचारलं, "कुठे गेली?"... इतके आठवडे झाले, तरी माझाच तो प्रश्न माझ्या कानात वाजतो. ती बाई रडायला लागली तेव्हा कुठे मला अर्थ लागला. तरीही मी आत गेले आणि राहिलेल्या मुलांची हजेरी पुरी केली. का केली, ते मला आजही सांगता येत नाही.

तिकडे आयर्लंडमध्ये, तिच्या रग्बी क्लबात, संध्याकाळचा सराव संपवून सगळ्याजणी आत आल्या होत्या. मनीषा बाकावर बसली, एक बूट काढला आणि डोकं भिंतीला टेकवून डोळे मिटले. तिला नकला करायची सवय, त्यामुळे कुणीतरी हसलंसुद्धा. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. छत्तीस वर्षांची, स्वतः नर्स असलेली, कधी साध्या तापानेही न झोपलेली बाई... आदल्याच दिवशी ती व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली होती, "वहिनी, तव्यावरची भाकरी दाखव ना. नुसती दाखव."

मनीषा माझी नणंद, पण त्याआधी माझी कबड्डीतली जोडीदार. नेवाशाच्या शाळेत असताना ती डावा कोपरा सांभाळायची, मी उजवा. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा तिच्या हातात सापडला की सुटायचा नाही. मला 'ए रेखे' म्हणणारी ही मुलगी तिच्या भावाशी माझं लग्न झालं त्या दिवसापासून मला 'वहिनी' म्हणायला लागली आणि पोटभर हसायला लागली. नर्सिंग करून ती आयर्लंडला गेली. तिच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "फोन जरा गाईकडं फिरव, तिला बघते."

तिकडे तिच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ मांडीचं हाड मोडून आले होते. गावातल्या रग्बी क्लबचे जुने खेळाडू. कबड्डी म्हणजे काय हे त्यांनी तिच्याकडून समजून घेतलं आणि म्हणाले, तुला धरता येतं, आमच्या बायकांच्या संघात माणसं कमी पडतात, जा. ती गेली. पहिल्याच दिवशी तिने पळणाऱ्या बाईचा घोटा धरला तो शिट्टी वाजली तरी सोडेना. "वहिनी, हितं पाडलं की लगेच सोडायचं असतं. मला ते लवकर जमंना बघ!"

पुढे तो क्लब तिचं घरच झाला. मॅचनंतर दोन्ही संघ एकाच टेबलावर सूप प्यायचे, आणि तेवढ्या वेळात ती भिंतीवरचे जुने फोटो बघत बसायची. त्या आजोबांनी तिला एकेका चेहऱ्याची गोष्ट सांगितली होती, ती तिने आम्हाला सांगितली. क्लब काढला होता गावातल्या दुकानदारांनी आणि बँकेतल्या कारकुनांनी. मैदान नदीला लागून, दर हिवाळ्यात पाण्याखाली जायचं. महायुद्धाच्या वर्षांत संघच उभा राहिला नाही, म्हणून भिंतीवर तेवढी जागा मोकळी सोडलेली. त्याच्या आधीच्या फोटोतले काही जण परत आलेच नाहीत. नंतर तरुण पोरं पोटापाण्यासाठी देश सोडून जायला लागली, तेव्हा बसचा ड्रायव्हर आणि चर्चचे फादर धरून संघ पुरा करायचे. "आपल्यासारखंच हाय की," ती म्हणायची, "माणसं जात्यात, मैदान ऱ्हातं." त्या भिंतीवर शेवटच्या ओळीत आता तिचाही फोटो होता. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तो मोबाईलवर बघून एवढंच म्हणाल्या होत्या, "किती चिखल लागलाय तोंडाला!"

शवपेटी मुंबईहून अॅम्ब्युलन्समधून गावात आली. सोबत नोरा होती, संघाची कर्णधार. फोनवर रडली ती हीच. उंच, लाल चेहऱ्याची, रापलेल्या हातांची. अंत्यसंस्कार होईपर्यंत ती आमच्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांनी तिला ओट्यावर बोलावलं आणि मला म्हणाल्या, "इच्यार तिला. खेळताना माझ्या पोरीच्या डोक्याला लागलं हुतं का?"

मी विचारलं. नोरा म्हणाली, डॉक्टरांच्या मते ती रक्तवाहिनी जन्मापासूनच नाजूक होती. झोपेतही फुटली असती. एवढं बोलून ती थांबली असती तर बरं झालं असतं... पण ती पुढे म्हणाली, "त्या संध्याकाळी तिला शेवटचं मी पाडलं होतं. ती उठली, हसली, पुन्हा धावली. डॉक्टर म्हणतात, त्याचा काही संबंध नाही. पण आईंना हे माझ्या तोंडून कळायला हवं. त्यासाठीच मी आले."

आत्या माझ्याकडे बघत होत्या. मी शब्दन् शब्द सांगितला.

धारेची वेळ झाली तशी गोठ्यात गाय हंबरली. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "ही काय करती तिकडं?"

"गाई आहेत तिच्या. दुधाचा धंदा आहे."

"मंग येती का म्हनावं धार काढायला?"

नोरा उठली. तिच्याकडे सगळं मशीनवर, पण लहानपणी आजीकडून ती हाताने शिकली होती. आत्यांनी तिला एका गाईपाशी बसवलं. "बस म्हनावं, लात न्हाई मारायची ती." त्या स्वतः दुसऱ्या गाईपाशी बसल्या. एकमेकींची भाषा न येणाऱ्या दोघी पाठीला पाठ लावून धार काढत होत्या. नोराचे खांदे हलायला लागले तेव्हा आत्या मागे न वळता म्हणाल्या, "रड बाई. पन हात थांबवू नको, न्हाईतर गाय पान्हा चोरती." ते काही मला इंग्रजीत सांगता आलं नाही. पण नोराचे हात थांबले नाहीत.

निघताना तिने मनीषाची जर्सी आत्यांच्या हातात दिली. काळे-तांबडे पट्टे, जाडजूड कापड, पाठीवर एकचा आकडा. आत्यांनी ती न उलगडता कपाटात ठेवली. ते कपाट उघडायचं काम मी टाळत राहिले.

परवा थंडी एकदम वाढली. सकाळी मी चहा घेऊन गोठ्यात गेले आणि दारातच थबकले. आत्या लुगड्यावर ती जर्सी घालून बसल्या होत्या. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पदर वरून कमरेला खोचलेला, पाठीवर तो एकचा आकडा. मला हुंदका आवरला नाही.

त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही.

"जाड हाय," त्या म्हणाल्या. "लई ऊब हाय हिला. उभी का ऱ्हायलीस? बादली धर."