डॉक्टर निर्दोष होता

जेवणं झाली की आमच्या बदलापूरच्या शिरगाव भागातल्या घरात पडदे ओढले जातात. ऊन बाहेर राहतं आणि टीव्हीवर इंग्लंडचा समुद्रकिनारा उजाडतो, राखाडी, ओला, निर्जन. त्या ब्रिटिश गुन्हेमालिकेत माणसं फार सावकाश चालतात. खून कुणी केला यापेक्षा कुणाच्या घरात आता दिवा लागणार नाही, याची मालिकेला जास्त काळजी. बघता बघता आपणही त्या धुक्यात कुठेतरी उभे आहोत असं वाटतं. हा तिचा मोठा गुण. दोषही आहेत. संशयित इतके, की नावं लक्षात राहत नाहीत. आणि पकडला गेलेला खुनी सगळं एका दमात सांगून टाकतो.

आणखी एक दोष माझी बायको काढायची. "शेवट चेहऱ्यांशी जुळत नाही. आणि खुनी डॉक्टर पुढच्या कथेत मोकळा कसा फिरतो?"

तो दोष मालिकेचा नाही, माझा आहे.

तिला इंग्रजी येत नाही. अंबरनाथच्या कारखान्यात मी अधिकारी होतो, परदेशी यंत्रांची पुस्तकं कामगारांना मराठीत समजावायचो. घरीही दुभाष्या मीच. ती उल्हासनगरच्या कॅम्प एक या वस्तीत, सिंधी शेजारात वाढली. भाषा कळायच्या आधी चेहरे वाचायला शिकली. काही वर्षांपूर्वी, पहिल्याच कथेत मी ठामपणे म्हणालो, "डॉक्टर."

ती मटार सोलत म्हणाली, "छे हो! बहीण. चहा ओतताना सगळ्यांकडे बघते, फक्त मेलेल्या भावाच्या खुर्चीकडे बघत नाही."

शेवटी बहिणीनेच कबुली दिली.

"काय म्हणतेय ती?"

"डॉक्टरला वाचवायला खोटं बोलतेय," मी म्हणालो. मला हरायचं नव्हतं, एवढंच.

पुढच्या दोन कथांतही मी तेच केलं. मग तिने अंदाज बांधणं सोडलं. नुसतं विचारायची, "कोण हो?"

गेल्या आठवड्यात तिच्या बहिणीने मुलीसाठी आलेल्या स्थळाचा व्हिडिओ पाठवला. "बघ गं, मुलगा कसा वाटतो?"

"मला नको विचारूस," ही फोनवर म्हणाली. "माझं चुकतं."

ते ऐकून मला बसवेना. तिने फोन ठेवताच म्हणालो, "त्या पहिल्या कथेत खुनी बहीणच होती. तुझं तिन्ही वेळा बरोबर होतं. मी खोटं सांगितलं."

टीव्हीवर लाटा येत-जात होत्या. तिने चष्मा काढून हातात घेतला.

"म्हणजे डॉक्टर निर्दोष?"

"हो."

"अरेरे! आणि मी त्या बिचाऱ्याला इतकी वर्षं शिव्या घालतेय."

तिने बहिणीला फोन लावला, "तो व्हिडिओ परत पाठव गं," आणि चष्मा पुसत माझ्याकडे वळली.

"तोवर मालिका पहिल्यापासून लावा. आवाज बंद करून. तुमचाही."