भागोजीचं कुंपण

नमनाच्या खेळाआधी मृदंग लावायचा असला की भागोजी रेवाळे मंडपातल्या माणसांकडे नुसता बघायचा. बायाबापड्या गप्प, पोरं गप्प, चहाच्या टपरीवरची कपबशीसुद्धा वाजायची थांबायची. मग तो डाव्या पुडीला कणीक थापायचा, एक थाप द्यायचा आणि ती पार विरेपर्यंत मान कलती करून बसायचा. "थाप कोनपन आयकील," तो म्हणायचा. "थाप सरल्यावर मागं जे ऱ्हातं ना, ते आयकायचं."

गुडघे गेले, तसा मृदंग खुंटीला लागला. बायको चिमा गेली आणि घरही तसंच खुंटीला टांगल्यासारखं झालं. एकुलती लेक दीपाली पुण्याच्या एका संस्थेत आकाशावर संशोधन करत होती. वर्षातून दोनदा यायची, दोन दिवस राहायची. ती गेली की भागोजी एकट्यापुरता भात टाकायचा आणि सवयीनं तो जास्तच व्हायचा.

मग एका दिवाळीत ती आली, ती सड्यावर जागा बघायलाच.

हातखंब्यापासून आत, डोंगरांच्या ओंजळीत असलेल्या या गावाच्या डोक्यावर जांभ्याचा उघडा सडा, सपाट कातळमाळ, आहे. मोबाइल तिथं लागत नाही म्हणून गाव त्या सड्याला शिव्या घालतं. दीपाली मात्र तिथं उभी राहून एका यंत्राकडे बघत हसत होती.

"बाबा, अशी गप्प जागा आम्ही किती दिवस शोधतोय."

रात्री जेवताना तिनं त्याला समजावलं. विश्व जन्मल्यावर कितीतरी काळ नुसता अंधार होता. तारा म्हणून एक नव्हता, सगळीकडे हायड्रोजन वायू. मग कधीतरी पहिले तारे पेटले. त्या पेटण्याची खूण रेडिओलहरींत अजून उरली असणार. पण आपल्याच आकाशगंगेचा गोंगाट तिच्याहून हजारो पटींनी मोठा. जगभर माणसं कान लावून बसलीत. एका चमूला वाटलं सापडली, दुसऱ्यांनी ऐकलं तर काहीच नाही. भांडण अजून मिटलेलं नाही.

"म्हंजे मंडपात पयली बत्ती पेटली, तवाचं," भागोजी म्हणाला.

"हो बाबा. पहिली बत्ती."

"आनि तुमी थाप सरल्यावर जे ऱ्हातं, ते आयकताव."

दीपालीचा घास हातातच राहिला. बापाला आपलं काम कळलं, याचा आनंद तिच्या तोंडावर असा पसरला, की भागोजीला क्षणभर चिमा दिसली.

हा हिवाळा सड्यावर चाचणी घ्यायची, असं ठरलं. जागा खरंच शांत निघाली तर संस्था तिथं कायमचं केंद्र उभारणार आणि त्याची जबाबदारी दीपालीवर येणार. राहणार कुठं? घरीच की. एवढं एक वाक्य भागोजीनं छातीशी धरलं. त्याला विश्वाचा आरंभ सापडो न सापडो, जास्तीच्या भाताला माणूस मिळणार होता.

जेवणाच्या मेजाएवढा एक पत्र्याचा अँटेना जाळीवर उभा राहिला. दीपाली पुण्याला गेली आणि महिन्यातून एकदा येऊ लागली. जाताना बजावून गेली, की सड्यावर मोबाइल नको, मोटारसायकल नको, पंप नको. भागोजीनं ते देवाच्या नेमासारखं पाळलं. शेजारच्या धोंडूला सड्याखाली गाडी बंद करून ढकलत न्यायला लावली.

"भागोजीदा, तुजी पोर आभाळ आयकते, आनि आमी घाम गाळायचा," धोंडू पुटपुटायचा.

"ढकल गपचूप. पोट कमी व्हईल."

आणि एका रात्री रानडुकरांनी केबल उकरून तोडली. दिवसा वानरं अँटेनावर बसून गेली. भागोजीनं फोन केला, तेव्हा पलीकडून आधी काहीच ऐकू येईना. मग कळलं, दीपाली रडतेय. शाळेत असतानासुद्धा ही पोर रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं हापूसच्या बागेतलं विजेच्या झटक्याचं कुंपण काढलं. तारा, खुंट्या, बॅटरीची पेटी, सगळं दुखऱ्या गुडघ्यांनी, खेपा करत, डोक्यावरून सड्यावर नेलं आणि अँटेनाभोवती फिरवलं. बाग उघडी पडली. मोहोराला आलेल्या झाडांवर वानरं नाचू लागली, ती नाचू देत. मोबाइल नाही, मोटार नाही, पंप नाही. या कुंपणाला ना धूर ना दिवा. मनाई कसली त्यात? फक्त दीपाली यायची असली की आदल्या दिवशी तो सगळं सोडून गोठ्यात दडवायचा. बाग उघडी टाकली हे कळलं तर पोर बोलली असती.

पौषात ती आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "बाबा, कसला तरी आवाज शिरतोय. मी आले की थांबतो, गेले की सुरू."

"कसला गो?"

"तेच कळत नाही. रात्रीच जास्त."

भागोजी पेटून उठला. देवळातल्या भोंग्यावरून त्यानं भांडण काढलं. धोंडूची गिरण संध्याकाळनंतर बंद करवली. गावात बोलायचे, म्हातारा चळला. आणि रोज दिवेलागणीला तो सड्यावर चढून, लेकीच्या कामाला दृष्ट लागू नये म्हणून, पेटीचं बटण स्वतःच्या हातानं दाबून यायचा.

शिमगा तोंडावर आला आणि दीपाली अँटेना उतरवायला आली.

"जागा नापास झाली, बाबा," ती ओटीवर टेकत म्हणाली. "परवा ठरलं. यंत्र आता दूर परदेशात, वाळवंटात जाईल. मलाही बोलावलंय."

भागोजी चहा ठेवायला उठला, तो पुन्हा बसला.

"यवडा कसला आवाज, तो तरी आयकव मला."

तिनं संगणक उघडला. लहरींचा आवाज बनवून ठेवलेला होता. आधी पावसासारखी सरसर. "ही आकाशगंगा," ती म्हणाली. आणि मग त्या सरसरीतून, टक्. जरा दम. टक्. जरा दम. टक्.

भागोजीची बोटं सवयीनं मांडीवर ताल धरू लागली. एक आवर्तन झालं. दुसऱ्याला बोटं जागच्या जागी थांबली.

दीपालीनं ती थांबलेली बोटं पाहिली.

तो उठला, गोठ्यात गेला आणि पेटी घेऊन आला. ओटीवर ठेवून बटण दाबलं. टक्. जरा दम. टक्. घरात तोच ताल आता दोन ठिकाणांहून येत होता.

शेवटी दीपालीनं हात पुढे करून आधी संगणक बंद केला, मग पेटी.

"दव पडलं की गवत तारेला लागतं," ती हळू म्हणाली. "ठिणगी उडते. सगळ्या लहरींवर ऐकू जाते ती." मग विचारलं, "पण बाबा, लावलंत कशाला?"

"तू रडलीस," भागोजी म्हणाला.

तिनं पदराआड लपावं तसं ओढणीत तोंड घातलं. भागोजीला वाटलं, आपण सगळा खेळ मोडला. आता निदान तिनं ओरडावं. ती ओरडली नाही. हीच शिक्षा त्याला सर्वांत जड गेली.

सकाळी तिनं पुण्याला साहेबांना फोन केला. साहेब भला माणूस. हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, वर कळवून ठेवतो. पण यंत्राची वाट बघणारे दुसरे होते, आणि या जागेसाठी पुन्हा हिवाळा मिळणार नव्हता.

हातखंब्याच्या नाक्यावर बसची वाट बघताना भागोजीनं विचारलं, "त्या वाळवंटात तरी घावंल काय?"

"कदाचित. नाहीतर पुढं चंद्राच्या पलीकडच्या अंगाला कान लावायचा बेत आहे. अजून कागदावरच आहे बराचसा. तिथं पृथ्वीवरचा एकही आवाज पोचत नाही."

"माजापन नाय."

"बाबा..."

"नाय गो बाय, चांगलंच हाय ते." त्यानं तिची पिशवी उचलून बसच्या दारात ठेवली. "तितं डुकरं पन नसतील."

ती हसली. बस हलल्यावर खिडकीतून हात बाहेर आला, वळणापर्यंत दिसला.

कुंपण पुन्हा बागेत आलं. उरलासुरला आंबा राखायला ते हवंच होतं. पण दिवेलागण झाली की भागोजी जातो आणि पेटी बंद करतो. डुकरं येतात, झाडांबुडची आळी उकरतात, बांध फोडतात.

"भागोजीदा," धोंडू एकदा बांधावर उभा राहून म्हणाला, "सड्यावर आता हाय काय? कोनासाटी बंद करतंस?"

भागोजीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, पूर्वी मंडपातल्या माणसांकडे बघायचा तसं. धोंडू गप्प झाला. मान कलती करून म्हातारा थोडा वेळ तिथंच उभा राहिला, मग भात टाकायला घरात गेला.